तीन भटांची सही आणि चौथा वैद्य

जगाचा इतिहास म्हणून जीं पुस्तकें आपल्या मुलांच्या हातीं पडतात, त्यांत वनस्पतिशास्त्राचा जन्म स्वीडन देशांत झाला असें छापलेलें असतें. लिनीयस नांवाच्या पंडितानें १७५३ सालीं आपला ‘स्पेसिएस प्लांटारुम’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, प्रत्येक झाडाला दोन शब्दांचें नांव दिलें, आणि तेव्हांपासून पृथ्वीवरील झाडाझुडपांना शिस्त लागली, असा तो पाठ. हा पाठ खोटा नाहीं; अर्धा आहे. खोट्याला खोटें म्हणून बाजूला सारतां येतें. अर्धें असतें तें मात्र पिढ्यान् पिढ्या बिनतक्रार घोकलें जातें, आणि उरलेलें अर्धें कोणाच्या घरीं राहिलें हें विचारण्याचें कोणाच्या मनांतहि येत नाहीं.

मलबारचा किनारा लिनीयसनें कधीं डोळ्यांनीं पाहिला नाहीं. तरीहि त्या किनाऱ्यावरील शेंकडों वनस्पतींना त्यानें नांवें दिलीं, तीं कशाच्या आधारावर? त्याच्यापुढें एक ग्रंथ उघडा होता. त्या ग्रंथांतील चित्रें आणि वर्णनें त्याला इतकीं विश्वसनीय वाटलीं कीं कित्येक ठिकाणीं वाळलेली फांदीहि हातीं नसतां, केवळ चित्रावरून, त्यानें वनस्पतीचा निश्चय केला. त्या जातींच्या बाबतींत आजहि शास्त्रज्ञांना मूळ पुरावा म्हणून त्या चित्राकडेच बोट दाखवावें लागतें. तो ग्रंथ म्हणजे ‘हॉर्तुस मलाबारिकुस’, आपल्या भाषेंत ‘मलबारची बाग’. मोठ्या आकाराचे बारा खंड, भाषा लॅटिन, छपाई आम्स्टरडॅमची. पहिला खंड १६७८ सालीं निघाला आणि बारावा १६९३ सालीं. ७०० हून अधिक वनस्पति, आणि त्यांचीं ८०० च्या जवळपास ताम्रपटावर कोरलेलीं चित्रें. पहिलें पान उलटलें कीं पुढें उभा राहतो तो माड. मलबारच्या वैद्यांना विचारून केलेली बाग माडापासून सुरू व्हावी, यांत आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला नवल वाटणार नाहीं.

ग्रंथाच्या मुखपृष्ठावर नांव आहे तें हेंड्रिक आड्रियान व्हान रेडे याचें. (आडनांव मराठी कानाला चमत्कारिक लागतें, परंतु मनुष्य बुद्धिमान होता.) हा डच ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी. १६६३ सालीं डचांनीं पोर्तुगीजांकडून कोची घेतली तेव्हां हा तरुण शिपाई तेथें होता. पुढें १६७० च्या सुमारास तो मलबारचा कमांडर झाला आणि १६७७ पर्यंत त्या अधिकारावर राहिला. तो विद्यापीठांत शिकलेला नव्हता. त्यानें हा उद्योग मांडला तो केवळ ज्ञानाच्या प्रेमानें, असें जें भोळें वर्णन कांहीं चरित्रांत आढळतें, तें आम्हांस मान्य नाहीं. कंपनीच्या दवाखान्यांसाठीं युरोपांतून महागडीं औषधें मागवावीं लागत, आणि त्यांतलीं कांहीं तर मुळांत हिंदुस्थानांतून गेलेलीं असत. शिवाय कंपनीच्या वरिष्ठांत एक वाद पेटलेला होता. रायक्लॉफ व्हान खून्स हा बडा अधिकारी कोलंबोला महत्त्व द्यावें म्हणत होता. व्हान रेडेला कोचीचें महत्त्व सिद्ध करावयाचें होतें. मलबारची भूमि किती संपन्न आहे याचा बारा खंडांचा पुरावा हें त्या भांडणांतलें एक शस्त्रहि होतें. हें सांगितल्यानें ग्रंथाची किंमत कमी होत नाहीं. ग्रंथ कोणत्या हेतूनें निघाला आणि त्यांत काय आलें, हे दोन निराळे प्रश्न आहेत.

आणि त्यांत जें आलें तें असें. पहिल्याच खंडाच्या आरंभीं कांहीं प्रमाणपत्रें छापलीं आहेत. छापलीं म्हणजे खिळे जुळवून नव्हे. मूळ हस्ताक्षर जसें होतें तसें तांब्यावर कोरून. त्यांपैकीं एक नागरी लिपींत आहे. खालीं तीन नांवें : रंगभट, विनायक पंडित, आपुभट. तारीख २० एप्रिल १६७५, म्हणजे आपलें शके १५९७. हे तिघे कोचीस राहणारे कोंकणी ब्राह्मण, धंद्यानें वैद्य. कमांडरच्या आज्ञेवरून आम्हीं सतत दोन वर्षें, सकाळ-संध्याकाळ बसून, वृक्ष, वेली, वनस्पति, त्यांचीं फुलें, फळें, मुळें, रस आणि गुण हें सर्व आपल्या निघंटूच्या आधारानें सांगितलें, त्याविषयीं कोणी शंका बाळगूं नये, असा त्यांच्या लिहिण्याचा आशय. निघंटूचें नांव लॅटिन अक्षरांत अशा रीतीनें मोडलें आहे कीं तें ओळखूं येण्यास क्षणभर थांबावें लागतें. पण तो ‘महानिघंटु’ आहे.

हे कोंकणी ब्राह्मण कोचीला कसे आले, हें या पत्रिकेच्या वाचकांना सांगावयास नको. पण जगाच्या इतिहासाला सांगितलें पाहिजे, कारण त्याच्या नकाशावर ही वाट काढलेलीच नाहीं. १५४० पासून तिसवाडीचीं देवळें पडलीं, १५६० च्या दशकांत बारदेश आणि साष्टीचीं. ज्यांना देव हलवतां आले त्यांनीं ते अंत्रुजांत नेले. मंगेश आणि शांतादुर्गा आज जेथें आहेत तेथें त्या काळच्या स्थलांतरानेंच आले. ज्यांना समुद्र जवळचा वाटला ते दक्षिणेकडे गेले, कारवारांत, मंगळुरांत, कोचीस. १५६० सालीं गोव्यांत इन्क्विझिशनचें न्यायासन बसलें. १५६७ च्या तेथील धर्मपरिषदेनें ख्रिस्ती रुग्णांनीं हिंदु वैद्यांकडे जाऊं नये असें ठरविलें; आणि तरी त्याच नगरांतले पोर्तुगीज अधिकारी दुखणें आलें कीं हिंदु वैद्यालाच बोलावीत राहिले. त्याच गोव्यांत १५६३ सालीं गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा हिंदुस्थानांतील औषधींवरील संवादग्रंथ छापला गेला. ओर्ता जन्मानें यहुदी वंशाचा. तो १५६८ सालीं वारला. १५८० सालीं त्याचीं हाडें कबरींतून उकरून काढून जाळण्यांत आलीं. औषधी वनस्पतींवर लिहिणाऱ्याची ही गति ज्या गांवांत झाली, त्या गांवांतून निघालेल्या लोकांचीं मुलें-नातवंडें शंभर वर्षांनीं कोचीस बसून तेंच शास्त्र सांगत होतीं. कोचीलाहि त्यांना सुख लागलें होतें असें नाहीं. डचांनीं १६६२ सालीं कोचीवर चाल केली तेव्हां कोंकणी लोक शत्रूला सामील आहेत या संशयानें पोर्तुगीजांनीं त्यांचें तिरुमल देवस्थान लुटून उद्ध्वस्त केलें. म्हणजे ज्या वैद्यांनीं १६७५ त सही केली, त्यांच्या डोळ्यांपुढें आपलें देऊळ पडलेलें होतें.

त्याच एप्रिल महिन्यांत, वर फोंड्यास, शिवाजीमहाराजांचा वेढा पडलेला होता. मे महिन्यांत किल्ला हातीं आला. फोंड्याचा वेढा आपल्या सर्वांना पाठ आहे, आणि तो असावाच. परंतु एकाच महिन्यांत एकाच लोकांच्या इतिहासांत दोन गोष्टी घडाव्या आणि एकीचा पोवाडा व्हावा, दुसरीची ओळहि नसावी, ह्याला कारण पोर्तुगीज नव्हेत आणि डचहि नव्हेत. तलवारीचा इतिहास आपण जपला. जो इतिहास पाटावर बसून, बोरू हातीं घेऊन, दोन वर्षें सकाळ-संध्याकाळ घडला, त्याला इतिहास म्हणण्याचीच आपल्याकडे पद्धत पडली नाहीं.

आतां ह्या गोष्टीचा दुसरा भाग, जो सांगतांना आपल्या लोकांचा आवाज एकाएकीं खालीं येतो.

अलीकडे, मुख्यतः आचार्य के. एस. मणिलाल यांच्या परिश्रमानें, हा ग्रंथ पुन्हां प्रकाशांत आला. कालिकत विद्यापीठांतील ह्या वनस्पतिशास्त्रज्ञानें आयुष्याचीं तीस-पस्तीस वर्षें ह्या बारा खंडांना वाहिलीं. ग्रंथांतील वनस्पति रानोमाळ हिंडून पुन्हां शोधल्या. २००३ सालीं केरळ विद्यापीठानें त्यांचें इंग्रजी भाषांतर काढलें आणि २००८ सालीं मलयाळम. सव्वातीनशें वर्षें जो ग्रंथ लॅटिनच्या कुलुपांत होता, तो ज्या भूमींतून निघाला तिच्या भाषेंत तेव्हां आला. मणिलाल १ जानेवारी २०२५ रोजीं निवर्तले. तर ह्या नव्या प्रसिद्धीनंतर आपल्याहि मंडळींना तीन भटांची आठवण झाली. आपल्या समाजाच्या सभांतून, देवस्थानांच्या स्मरणिकांतून, ‘जगाला वनस्पतिशास्त्र शिकविणारे आमचे तीन वैद्य’ असे मथळे दिसूं लागले. आनंद आहे. पण ते मथळे वाचून जो पाहील कीं त्या ग्रंथांत हिंदी वैद्यांच्या किती सह्या आहेत, त्याला तीन नव्हेत, चार आढळतील.

चौथ्याचें प्रमाणपत्र मलयाळम भाषेंत, कोलेळुत्तु नांवाच्या जुन्या लिपींत आहे. तारीख तीच, २० एप्रिल १६७५. सही करणारा इट्टी अच्युतन वैद्य, कोल्लाट घराण्याचा, चेर्तलाजवळच्या कडक्करप्पळ्ळीचा. वंशपरंपरेनें वैद्य. कमांडरच्या आज्ञेनें आपण कोचीच्या कोटांत आलों आणि आपल्या घरच्या ग्रंथांत लिहिलेले, तसेच दीर्घ अनुभवानें स्वतः पारखलेले औषधींचे गुण कंपनीच्या इमान्युएल कार्नेरो या दुभाष्याला सांगितले, असें त्याचें म्हणणें. जातीनें तो ईळव. ईळव म्हणजे कोण, हें आपल्या किनाऱ्यावरच्या वाचकाला समजावयास अवघड नाहीं : माडावर चढणारे, सूर काढणारे, आणि त्याबरोबरच पिढीजात वैद्यकी जाणणारे लोक. आपल्याकडील भंडारी डोळ्यांपुढें आणले म्हणजे झालें.

ग्रंथाला आधार कोणाचा अधिक, भटांच्या निघंटूचा कीं अच्युतनच्या घरच्या पोथीचा, यावर विद्वानांत वाद आहे. रिचर्ड ग्रोव्ह या इंग्रज इतिहासकारानें १९९५ सालीं असा पक्ष मांडला कीं ग्रंथाची एकंदर रचना, वनस्पतींचे गट पाडण्याची रीत, ही ईळव वैद्यांच्या ज्ञानावर उभी आहे. हा पक्ष सर्वांना मान्य झालेला नाहीं, आणि भटांच्या दोन वर्षांच्या बैठका त्यानें पुसल्या जात नाहींत. पण एक गोष्ट वादाबाहेर आहे. वनस्पतींची मुख्य नांवें ज्या नांवांनीं ग्रंथांत छापलीं आणि ज्यांवरून ती जगांत गेली, तीं मलयाळम आहेत. वेलदोड्याला शास्त्रांत ‘एलेत्तारिया’ म्हणतात तें त्या ग्रंथांतल्या ‘एलेत्तरि’वरून, शेवग्याला ‘मोरिंगा’ म्हणतात तें तेथल्याच ‘मुरिंगू’वरून. भटांचीं कोंकणी नांवें चित्रांच्या कडेला नागरींत आहेत. मलयाळम नांव मथळ्याला आहे. झाड दाखविणारा मनुष्य आणि झाडाचा श्लोक सांगणारा मनुष्य हे दोघेहि त्या ग्रंथाला लागले, आणि झाड दाखविणारा बहुतेक वेळां श्लोक म्हणणाऱ्यांपैकीं नव्हता.

मग स्मरणिकेंत तीनच नांवें कां? अज्ञान म्हणावें तर पटत नाहीं. दोन्ही प्रमाणपत्रें एकाच खंडाच्या आरंभीं, जवळजवळ छापलेलीं आहेत. एक वाचून दुसरें न वाचणें यास निवड म्हणतात. लिनीयसचें नांव घेऊन व्हान रेडेला विसरणारा युरोपियन लेखक, आणि व्हान रेडेला शिव्या देऊन तीन भटांचा जयजयकार करतांना चौथ्याला गाळणारा आपला लेखक, या दोघांच्या लेखणींत आम्हांस कांहीं अंतर दिसत नाहीं. पहिल्याला क्षमा आहे, कारण तो दूर बसून लिहितो. दुसऱ्याच्या घराच्या परड्यांत तींच झाडें उभीं आहेत.

ही टीका कोणाला कडक वाटेल, म्हणून एक तारखांचा हिशेब मांडतों. इट्टी अच्युतनचें गांव वेंबनाड सरोवराच्या पश्चिमेला. पूर्वेच्या तीरावर वैकम. १६७५ सालीं ज्याच्या शब्दावर युरोपचे आचार्य विश्वास ठेवणार होते, त्याच्या जातीच्या माणसाला १९२४ सालींहि वैकमच्या महादेवाच्या देवळाभोंवतालच्या रस्त्यानें चालण्याची मुभा नव्हती. देवळांत नव्हे, रस्त्यानें. त्यासाठीं १९२४-२५ सालीं वर्षाहून अधिक काळ सत्याग्रह करावा लागला, स्वतः गांधीजींना तेथें जाऊन सनातन्यांशीं बोलावें लागलें. देवळाचें दार उघडलें तें १२ नोव्हेंबर १९३६ च्या त्रावणकोरच्या राजघोषणेनें. मधलीं अडीचशें वर्षें सर्व निघंटु आपल्याजवळ होते, सर्व श्लोक पाठ होते. आणि आपापल्या गांवच्या देवळांत कोण कोठपर्यंत जात होता, कोणत्या सालापासून पुढें जाऊं लागला, हें ज्याचें त्यानें आठवावें. त्याला मलबारपर्यंत जाण्याचें कारण नाहीं.

दुसरी एक ओरड अशी कीं परक्यांनीं आपलें ज्ञान चोरलें. ओरडणाऱ्यांत विद्वानहि असतात. डच कंपनीचा कैवार घेण्याची आम्हांस हौस नाहीं. ह्याच कंपनीनें १६२१ सालीं जायफळाच्या मक्त्यासाठीं बांदा बेटांवरचे बहुतेक सर्व लोक मारून, पळवून, गुलाम करून संपविले. तिच्या हातून कोणाचें कल्याण व्हावें हा तिचा धंदाच नव्हता. परंतु चोर चोरलेल्या वस्तूवर धन्याची सही घेऊन ती पहिल्या पानावर छापीत नाहीं. व्हान रेडेला ह्या सह्या हव्या होत्या त्या आपल्या विरोधकांचें तोंड बंद करण्यासाठीं, ग्रंथ खरा आहे हें दाखविण्यासाठीं; असो. त्या निमित्तानें कां होईना, चार हिंदी वैद्यांचीं नांवें, गांव, हस्ताक्षर आणि तारीख हें सर्व आम्स्टरडॅमच्या छापखान्यांत टिकलें. तिसऱ्या खंडाच्या प्रस्तावनेंत त्यानें ह्या वैद्यांच्या बैठकींचें वर्णन केलें आहे : कोणतीहि वनस्पति पुढें आली कीं जुने श्लोक कसे म्हणत, मतभेद झाला तरी एकमेकांचा मान राखून कसे बोलत. वादविवादांतली ही सभ्यता त्या परक्याला इतकी नवी वाटली कीं ती त्यानें मुद्दाम नमूद केली. आज आपल्या सभांना येऊन त्यानें पुन्हां लिहिलें असतें तर काय लिहिलें असतें, हा विचार आम्ही येथेंच सोडतों.

चोरीचा आरोप करणाऱ्यांना आमचा साधा सवाल आहे. जें चोरीस गेलें म्हणतां त्याची घरची प्रत कोठें आहे? रंगभटांचा तो महानिघंटु कोणत्या मठांत, कोणत्या घरांत आहे? अच्युतनच्या घरच्या ताडपत्रांचें काय झालें? परक्यानें एक प्रत नेली म्हणून मूळ नाहींसें होत नाहीं. मूळ नाहींसें होतें तें वाळवीनें, भाऊबंदकीच्या वाटण्यांनीं, आणि ‘मुलगा डॉक्टर झाला, आतां हीं बाडें कशाला’ म्हणून माळा झाडणाऱ्या हातांनीं. एका शतकापूर्वीं कोंकणांतल्या किती घरांत वैद्यकाचीं बाडें होतीं आणि आज किती आहेत, हा शोध घेण्यास आम्स्टरडॅमला जावें लागत नाहीं.

उरला भाषेचा वाद. ह्या पत्रिकेंत दोन्ही भाषा शेजारीं शेजारीं नांदतात, म्हणून तो येथें टाळणें बरें दिसणार नाहीं. तीन भटांचें प्रमाणपत्र हातीं आलें कीं मराठीचा अभिमानी त्यांत आपले शब्द मोजतो आणि कोंकणीचा अभिमानी आपले. १९६७ च्या जनमतकौलापासून, १९७५ च्या साहित्य अकादमीच्या मान्यतेपासून, १९८७ च्या राजभाषा कायद्यापासून आणि १९९२ च्या आठव्या अनुसूचीपासून हा हिशेब चालला आहे. आतां तो तीनशें वर्षें मागें नेऊन बिचाऱ्या आपुभटांनाहि साक्षीला ओढण्याचें योजिलें आहे. आमचें मत विचाराल तर ती भाषा कोंकणीच आहे. गोव्याहून गेलेल्या, कोचीस घरांत कोंकणी बोलणाऱ्या माणसांनीं लिहिलेली आणि नागरींत लिहिलेली. यांत मराठीचें कांहीं उणें होत नाहीं. ज्यांनीं तो ग्रंथ छापला त्यांनीं तर तिला ना मराठी म्हटलें ना कोंकणी. त्यांनीं तिला सरसकट ‘ब्राह्मणांची भाषा’ म्हटलें, आणि ह्या नामकरणांत ती बोलणारे इतर सर्व लोक एका फटकाऱ्यानें नाहींसे झाले. ह्या गोष्टीवर भांडा म्हणावें! पण ह्यावर कोणी भांडत नाहीं.

त्या लिपीचें आणि त्या भाषेचें मोल काय होतें, तें साल लावून पाहिलें म्हणजे कळतें. २७ जून १६८४ रोजीं गोव्याच्या व्हाइसरॉयनें, आल्व्होरच्या काउंटनें, फर्मान काढलें कीं लोकांनीं तीन वर्षांच्या आंत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावें. हा तोच अधिकारी, ज्याला आदल्याच सालीं संभाजीमहाराजांनीं पळतां भुई थोडी केली होती. तलवारीपुढें कांहीं चाललें नाहीं, राग भाषेवर काढला. आणि ‘मलबारच्या बागे’चा चौथा खंड निघाला १६८३ सालीं, पांचवा १६८५ सालीं. म्हणजे गोव्यांत ज्या वर्षीं कोंकणीला बंदी झाली, त्याच्या एक वर्ष आधीं आणि एक वर्ष नंतर हॉलंडांत कोंकणी नांवें नागरींत कोरून छापलीं जात होतीं. एका परक्यानें जिभेवरून ओरबाडली, दुसऱ्या परक्यानें तांब्यावर कोरली. आणि ह्या दोघांच्या मध्यें आपल्या लोकांनीं ती कोठें लिहून ठेवली याचें उत्तर त्या काळापुरतें फार थोडक्यांत आटपतें.

बारा खंडांतील चित्रांच्या कडेला असलेलीं तीं नागरी नांवें म्हणजे सतराव्या शतकांतील कोंकणीचा वनस्पतिकोश आहे. तीं एकत्र करून, आजच्या शास्त्रीय नांवांपुढें मांडून, गोव्यांतल्या, कारवारांतल्या, रत्नागिरीकडच्या चालू नांवांशीं ताडून एक छोटेखानी पुस्तक सहज होईल. मणिलालांनीं सर्वांत कठीण काम केलेंच आहे. शास्त्रीय नांवें निश्चित झालेलीं आहेत. उरलें आहे तें घरचें काम : देवराईंत जाणारी म्हातारी, अजून गांवठी औषध देणारा वैद्य, माडावर चढणारा मनुष्य यांच्याशेजारीं बसून विचारण्याचें. हें काम विद्यापीठाकडे ढकलण्याचें कारण नाहीं. ज्या देवस्थानांचीं उत्पन्नें आहेत, ज्यांच्या जत्रांना लाखांनीं माणसें लोटतात, त्यांनीं एका पालखीच्या चांदीच्या दुरुस्तीइतका पैसा ह्या कामीं लावला तरी तें एका वर्षांत पुरें होईल. देव कोपणार नाहीं. त्याच्या पूजेला लागणारीं पानें, फुलें आणि पत्री त्याच झाडांचीं आहेत.

व्हान रेडेचें पुढें काय झालें तेंहि वाचकांनीं ऐकावें. १६९१ च्या डिसेंबरांत, कोचीहून सुरतेस जातांना, मुंबईजवळच्या समुद्रांत जहाजावरच तो वारला. त्याला सुरतेंत पुरलें. बडोद्याच्या आपल्या वाचकांना तें स्थान लांब नाहीं : डच आणि आर्मेनियन लोकांच्या जुन्या दफनभूमींत, घुमट आणि खांब असलेली, दुमजली, एखाद्या नबाबाला शोभेल अशी त्याची कबर आजहि उभी आहे, आणि सरकारनें ती राखलेली आहे. लिनीयसनें त्याच्या नांवानें ‘रीडिया’ ही वनस्पति नेमली. पहिल्या दोन खंडांचें लॅटिन ज्यानें लिहिलें तो योहान्नेस कासेआरियुस नांवाचा पाद्री (तत्त्वज्ञ स्पिनोझाच्या घरीं राहून शिकलेला शिष्य तो हाच, असें बहुतेक अभ्यासक मानतात), त्याच्या नांवानें ‘कासेआरिया’ झाली. इट्टी अच्युतनच्या नांवानें देखील एकोणिसाव्या शतकांत ब्लूम या वनस्पतिशास्त्रज्ञानें ‘अच्युडेमिया’ नांवाची एक वनस्पति नेमली होती. पुढें शास्त्रज्ञांनीं ती दुसऱ्या गटांत मिळवून टाकली. कडक्करप्पळ्ळीस कोल्लाट घराण्याचें दिवा लावण्याचें एक लहानसें स्थान आहे. तेवढें त्याच्या वांट्यास आलें.

देवस्थानांच्या व्यवस्थापक मंडळांना आमची मागणी एवढीच आहे. येत्या जत्रेच्या स्मरणिकेंत ह्या विषयावर पान काढावयाचें असेल तर अवश्य काढावें. नागरींतलें प्रमाणपत्र जसेंच्या तसें छापावें, आणि त्याच्याच शेजारीं, त्याच आकारांत, कोलेळुत्तु लिपींतलें दुसरें. खालीं चार नांवें द्यावींत : रंगभट, विनायक पंडित, आपुभट, इट्टी अच्युतन. पानावर जागा पुरत नसेल, तर अध्यक्षांचें छायाचित्र थोडें लहान करावें.